२२ महिन्यांचा झाला, अजून बोलत नाही. थांबू की दाखवू?

निंबाच्या_सावलीत · १४ मे, रात्री १०.१२

नमस्कार. पहिल्यांदाच लिहिते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. मुलगा २२ महिन्यांचा आहे. चालतो, पळतो, बाजेवर चढतो, कोंबड्यांच्या मागे लागतो. पण बोलत नाही. ‘आ’ अन् ‘मम्’ एवढंच. काही पाहिजे असलं की माझा हात धरून ओढत नेतो, नाही समजलं की डोकं आपटतो. त्याच्याच वयाची जावेची मुलगी ‘आजी पानी दे’ म्हणते. तिच्यासमोर मला कसंतरी होते.

सासूबाई म्हणतात, याचा बाप तीन वर्षांनी बोलला, आता ऐकत नाही कोणाचं. तालुक्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले मुलगा आहे, मुलं उशिरा बोलतात, ३ वर्षांपर्यंत थांबा. ऐकू येते त्याला, ट्रॅक्टर आला की दाराकडे पळतो. मग नेमकं काय? पुढच्या महिन्यात पेरणी सुरू झाली की मी वावरात जाईन, तो सासूबाईंजवळ राहील, म्हणजे मोबाइलजवळ. त्याच्या आधी विचारावं म्हटलं.

पऱ्हाटी४४ · १४ मे, रात्री १०.४०

ताई टेन्शन नका घेऊ. माझा पुतण्या साडेतीन वर्षांनी बोलला, आता गावच्या नाटकात काम करतो. होते सगळं बरोबर.

कानोसा · १४ मे, रात्री ११.२५

मी श्रवणतज्ज्ञ आहे, लोक ‘कानाची मॅडम’ म्हणतात. आधी नागपूरला होते, आता विदर्भातल्याच एका जिल्ह्याच्या ठिकाणी. थोडं विचारते, जमेल तसं सांगा.

बाळ पूर्ण दिवसांचं होतं का? जन्मल्यावर पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती चढली होती? घरात, नात्यात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं का? तुमचं लग्न नात्यात झालंय का? मागून, त्याचं लक्ष नसताना, हळू आवाजात हाक मारली तर वळतो का? बोट दाखवून ‘ते बघ’ असं करतो का? जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती का?

पऱ्हाटीदादा, तुमचा पुतण्या बोलला त्याचा आनंदच आहे. पण जी मुलं नाही बोलली, त्यांच्या गोष्टी पारावर कोणी सांगत नाही.

निंबाच्या_सावलीत · १५ मे, सकाळी ६.५०

मॅडम, आठव्या महिन्यात झाला. १ किलो ७०० ग्रॅम. ९ दिवस पेटीत होता, कावीळ भरपूर होती, निळ्या लाइटखाली ठेवलं होतं. लग्न नात्यातलं नाही. बोट दाखवतो, चंद्र दाखवतो, कुत्रं दाखवतो. कानाची तपासणी झाली की नाही माहीत नाही, कोणी सांगितलं नाही.

आत्ता उठल्यावर करून पाहिलं. तो मातीत खेळत होता. मागून हळू हाक मारली, नाही वळला. दुसऱ्यांदा नाही. जोरात ओरडले तेव्हा वळला. सासूबाई म्हणाल्या खेळात होता म्हणून.

आबाजी_बाभूळगाववाले · १५ मे, सकाळी ८.०५

अवं माय, आमच्या टायमाले कोन तपासत होतं कान? माह्या लहान पोट्ट्याचं बी असंच होतं. बुढीनं वेखंड उगाळून मधासंगं जिभेले लावलं, पोपटानं टोचलेला पेरू चारला, अन् सहा महिन्यात पोट्टं असं बोलाले लागलं का मंग चूप राहाले सांगा लागे. करून पाहा, पैसे त लागत नाही.

कानोसा · १५ मे, दुपारी १.३०

आबाजी, रामराम. पेरू खुशाल द्या, फक्त धुऊन द्या. वेखंडाचं मात्र नका सांगू. लहान लेकरांना त्यानं उलट्या होऊन दवाखान्यात आणलेलं पाहिलंय मी. आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून एक गंभीर आजार होऊ शकतो. तुमचा मुलगा सहा महिन्यांत बोलला, कारण तो त्या सहा महिन्यांत बोलणारच होता.

निंबाच्या सावलीत ताई, आता तुमच्याशी जरा लांब बोलते.

ट्रॅक्टर ऐकू येतो म्हणजे बोलणं ऐकू येतं असं नाही. हीच गोष्ट मी दिवसातून दहा वेळा सांगते. ट्रॅक्टर, ढोल, दार आपटणं हे जाड आणि मोठे आवाज. बोलण्यातले स, श, त, क, फ हे बारीक आणि हलके. कान अर्धवट काम करत असेल तर जाड आवाज आत जातो, बारीक गळून पडतो. मग काप, ताप, साप, शाप हे चारही शब्द लेकराला ‘आप’ असेच ऐकू येतात. घरचे म्हणतात ऐकू येतं. आणि त्यांचं खोटं नसतं, येतंच. पण ज्याला चारही शब्द सारखे ऐकू येतात, तो त्यातला कोणता बोलणार?

दुसरं फसवणारं म्हणजे हुंकार. ज्यांना अजिबात ऐकू येत नाही अशी बाळंही पहिले काही महिने आऽऽ ऊऽऽ करतात, हसतात, आवाज काढतात. आई निश्चिंत होते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाबाबा, दादादा अशी माळ सुरू व्हायला हवी. ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्याची ती माळ लागत नाही, किंवा फार उशिरा लागते. तिथे घरात कोणाचं लक्ष नसतं, कारण तेव्हा सगळे दात आणि रांगणं बघत असतात.

कमी दिवसांचं, कमी वजनाचं, पेटीत ५ दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं, कावीळ खूप चढलेलं, मेंदूज्वर झालेलं किंवा नात्यात बहिरेपण असलेलं बाळ असेल तर कान तपासायलाच हवेत. तुमच्या बाळाच्या यातल्या निदान तीन गोष्टी आहेत. पण उलटंही ध्यानात ठेवा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या साधारण निम्म्या बाळांच्या बाबतीत असं कुठलंच कारण आधी दिसत नाही. म्हणून खरं तर प्रत्येक बाळाची पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा नियम आहे. आपल्याकडे अजून सगळीकडे होत नाही.

तपासण्या दोन. ओएई म्हणजे कानात छोटा बूच ठेवून दोन मिनिटांत होते. बेरा म्हणजे डोक्याला तारा चिकटवून, कानातून मेंदूकडे जाणारी नस काम करते का ते पाहतात. त्याला बाळ गाढ झोपलेलं लागतं. तुम्ही बेराच करून घ्या. कावीळ जास्त झालेल्या बाळांमध्ये कधी कधी कान बरोबर आणि नस बिघडलेली असते, तेव्हा एकटी ओएई चांगली येते आणि आपण फसतो. घरी थाळ्या वाजवून परीक्षा घेऊ नका. थाळी पडली की फरशी हादरते, सावली हलते, लेकरू त्यानं वळतं.

३ वर्षं थांबा हे मला मान्य नाही. त्यात मुलगा-मुलगी काही नाही. १२ महिन्यांपर्यंत बाबाबा नाही, बोट दाखवणं किंवा टाटा नाही. १६ महिन्यांपर्यंत एक शब्द नाही. २ वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात बंद झालं, तर दाखवायचं. वाट पाहून बोलला तर चांगलंच, तपासणीनं काही बिघडत नाही. नाही बोलला तर गेलेली वर्षं परत येत नाहीत. भाषेसाठी मेंदू सगळ्यात मऊ असतो तो पहिल्या तीन-चार वर्षांत.

अंगणवाडी_दोन_नंबर · १५ मे, दुपारी ४.१०

मी सेविका आहे, वाशीम जिल्ह्यात. ताई, आपल्या सेविकेला विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी कधी येणार आहे. २०१३ पासून सुरू आहे. अंगणवाडीतल्या लेकरांची वर्षातून २ वेळा तपासणी असते, शाळेत १ वेळा. जन्मतः बहिरेपण त्यांच्या यादीत आहेच. ते चिठ्ठी देतात, मग जिल्ह्याला डीईआयसी म्हणून केंद्र असते तिथे पाठवतात, पैसे लागत नाही.

पण खरं सांगू? गाडी येते त्या दिवशी वेचणी चालू असली की अर्धी लेकरं वावरात असतात. मी घरोघरी निरोप देते, तरी नाही येत. आम्हालाही रजिस्टर, पोषण ट्रॅकर, वजनं, आहार वाटप. एखादं लेकरू गप्प बसते तर ‘शांत आहे’ म्हणून आम्हीच कौतुक करतो. मागच्या वर्षी एक मुलगी अशीच शांत होती. तिला ऐकूच येत नव्हतं. मला अजून वाईट वाटते.

माता-बाल संरक्षण कार्डात कोणत्या महिन्यात लेकराला काय यायला पाहिजे त्याची चित्रं आहेत. लस टोचायला नेतो तेव्हा तेच कार्ड नेतो, पण ते पान कोणी उघडत नाही.

तांड्यावरची · १६ मे, सकाळी ९.२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो. मुलगी अडीच वर्षांची. घरात भरपूर बोलते, अंगणवाडीत तोंड उघडत नाही. एका शिक्षिकेनं सांगितलं की घरात गोरमाटी बंद करा, मराठीच बोला, नाहीतर दोन भाषांत गोंधळते. मिस्टर म्हणतात मग थेट इंग्रजीच बोलू, नाहीतरी कॉन्व्हेंटला टाकायची आहे.

कानोसा · १६ मे, दुपारी १.१५

बंद करू नका. दोन भाषांमुळे लेकरू उशिरा बोलत नाही. सुरुवातीला दोन्ही भाषांचे शब्द एका वाक्यात मिसळतं, ते आपोआप सुटतं. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजा. ती घरात भरपूर बोलते, म्हणजे तिची भाषा ठणठणीत आहे. अंगणवाडीत फक्त नवखी आहे. सेविकेला गोरमाटीतले चार शब्द शिकवा, बघा काय होतं ते.

हेच वऱ्हाडीला, झाडीबोलीला, कोलामीला, कोरकूला. मला आया येऊन सांगतात, ‘मॅडम, आम्ही आता याच्याशी शुद्ध बोलतो.’ शुद्ध म्हणजे काय, तर दिवसभरात मोजून दहा वाक्यं, तीही अवघडून. ‘बाळा, इकडे ये, हे काय आहे सांग?’ आणि नणंदेशी भांडताना, सासऱ्याशी हसताना जी खरी भाषा वाहते, ती लेकराच्या वाट्याला येत नाही. तुम्हाला जी न अडखळता येते तीच बोला. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही पाचवीपर्यंत, जमेल तिथे, घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय. आणि मिस्टरांना विचारा, इंग्रजीत अंगाई म्हणता येईल का त्यांना.

तांड्यावरची · १६ मे, दुपारी १.४०

मराठीतही नाही येत त्यांना 😄 दाखवते त्यांना हे.

निंबाच्या_सावलीत · २ जून, रात्री ९.३०

गेलो होतो आज. सांगते काय झालं.

नाव लिहीत नाही दवाखान्याचं. बेरासाठी सकाळी ११ चा नंबर होता. पहाटे पाचला निघालो. एसटीत बसल्याबरोबर हा जो झोपला तो दवाखान्याच्या दारात उठला, एकदम ताजातवाना. तिथे झोपेचं औषध दिलं, थुंकलं. पुन्हा दिलं, तर दारूड्यासारखा डुलत डुलत हसत होता, पण झोपला नाही. तीन वाजता म्हणाले उद्या या. ४२-४३ डिग्री ऊन. उद्या कसं येणार, घरी येऊन उद्या परत जायचं म्हणजे माणसाची मजुरी बुडते. अन् कोणी आधी सांगितलंही नव्हतं की लेकराला जागं ठेवून आणा. मी रडले तिथं. आता ११ तारीख दिली.

पऱ्हाटी४४ · २ जून, रात्री १०.०५

ताई पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं टेन्शन नका घेऊ. माफ करा. ११ तारखेला गाडी लागली तर सांगा, मी त्याच बाजूचा आहे.

कानोसा · २ जून, रात्री १०.५०

हे माझंही चुकलं, मी सांगायला हवं होतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, आणि गाडीत काहीही करून झोपू देऊ नका. दोघं जण जा, एकानं खेळवायचं. पोटभर दूध-खाणं तिथे गेल्यावर, पण औषध द्यायच्या आधी किती वेळ उपाशी ठेवायचं ते त्यांना फोनवर विचारून घ्या. औषध तिथेच, त्यांच्यासमोरच. घरून कोणतंही झोपेचं औषध पाजून नेऊ नका.

निंबाच्या_सावलीत · ११ जून, रात्री ८.१५

झाली. या वेळी झोपला. मिस्टरांनी एसटीत पूर्ण रस्ता त्याला खिडकीशी उभं धरलं होतं.

दोन्ही कानांना मध्यम ते जास्त श्रवणदोष. नस बरोबर आहे म्हणाले, आतल्या कानाचाच दोष आहे, औषधानं किंवा ऑपरेशननं जाणारा नाही. दोन्ही कानांना मशीन लावा, लवकर लावा.

गाडीत कोणी काही बोललं नाही. घरी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, माह्या घरात कोनी बहिरं नाही. मग आत गेल्या. रात्री बघते तर त्याच्याजवळ बसून त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. एका कानाशी, मग दुसऱ्या.

आबाजी_बाभूळगाववाले · ११ जून, रात्री ९.००

मशीन घ्या माय. म्या वेखंडाचं लिहिलं त्याच्यावर नोका जाऊ. मले सोताले दोन वर्सापासून मशीन पाहिजे म्हनते पोरगा, म्या लावत नाही, लाज वाटते. तुह्या लेकरानं लावली का म्या बी लावतो.

हातांची_भाषा · १२ जून, सकाळी ७.३०

माझा मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे (मूकबधिर म्हणू नका, मुका कोणी नसतो). त्याच्या वेळी मशीन वगैरे काही नव्हतं. आईनं घरात खुणा बनवल्या, त्याच्यावर शाळेत मारायचे, हात बांधायचे, खुणा केल्या तर बोलणार नाही म्हणून. तो बोललाही नाही आणि खुणाही अर्धवट राहिल्या. आज तो भारतीय सांकेतिक भाषेत बोलतो, तिचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये सरकारी संस्थेनंच काढला. मुद्दा हा की मशीन लावाच, पण मशीनच्या भरवशावर हात बांधू नका. खुणेनं लेकराचं डोकं आपटणं थांबेल.

कानोसा · १२ जून, दुपारी २.००

पूर्ण पटलं. आमच्याच धंद्यातल्या जुन्या लोकांनी खुणांना फार वर्षं शत्रू मानलं. खुणा केल्यानं बोलणं मागे पडत नाही. पाणी, पोळी, झालं, अजून, दुखतं एवढ्या पाच-सहा खुणांनी सुरुवात करा, खूण करताना तोंडानं शब्दही म्हणा.

मशीनसाठी: एडीआयपी ही केंद्राची योजना आहे, त्यातून मशीन मिळते, उत्पन्नाचा दाखला लागेल. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग कार्ड काढून घ्या, ते पुढे शाळेपर्यंत उपयोगी पडतं. ज्या मुलांना मशीननंही भागत नाही त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांटही (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र) याच योजनेत आहे, जन्मतः ऐकू न येणाऱ्यांसाठी वयाची मर्यादा ५ वर्षं. तुमच्या बाळाला आत्ता त्याची गरज दिसत नाही, पण इतर कोणी वाचत असेल म्हणून लिहिलं.

निंबाच्या_सावलीत · ८ जुलै, रात्री १०.२०

मशीन आली. पहिल्या दिवशी लावली तर एकदम थांबला, भुवया वर. मग रडला. दुसऱ्या दिवशी काढून बादलीत टाकली (बादली रिकामी होती, देवानं वाचवलं). आता दिवसातून दोन तास राहते. मॅडम, घरात नेमकं काय करायचं ते सांगा. थेरपीला आठवड्यातून एकदाच जमते. अन् कूलर लावला की तो मशीन ओढतो.

कानोसा · ९ जुलै, दुपारी १.४५

सगळ्यात हुशार प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे, तिथूनच सुरू करते.

कूलर. आपल्या विदर्भातल्या घरात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत, आणि उकाडा असला तर जुलैतही, एक मोठा पंखा चोवीस तास घरघरतो. आपले कान ती घरघर बाजूला सारून बोलणं उचलतात. मशीनला ते तितकं जमत नाही, ती घरघरही मोठी करते. लेकरू मशीन ओढतं ते हट्टानं नाही. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, कूलर बंद, टीव्ही बंद, मोबाइल बंद. ओसरीत किंवा झाडाखाली बसा. टिनाच्या पत्र्यावर पाऊस पडत असताना शिकवायला बसू नका, काही ऐकू जात नाही.

जवळ जा. मोकळ्या अंगणात अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. ओरडण्यापेक्षा ते बरं, ओरडलं की शब्द फाटतात. त्याच्या उंचीवर खाली बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. पदर तोंडावर नको.

मशीनची वेळ रोज थोडी वाढवा. शेवटी झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर. सदऱ्याला दोरी-चिमटा लावा म्हणजे बादली, विहीर, बकरी यांपासून वाचेल (बकरीनं खाल्लेली मशीन मी पाहिली आहे).

रोज सकाळी मशीन लावली की सहा आवाज काढा: आ, ई, ऊ, म, श, स. तोंड न दाखवता, बाजूनं. कोणत्या आवाजाला तो थबकतो ते पाहा. काल ‘श’ला थबकत होता आणि आज नाही, तर सेल गेला असेल किंवा साच्यात (मशीनचा कानात बसणारा भाग) मळ अडकला असेल. लहान लेकरू येऊन सांगणार नाही की मशीन बंद आहे.

मग ‘ऐक’ म्हणायला शिकवा. आवाज आला की स्वतःच्या कानाला बोट लावा, डोळे मोठे करा: ‘ऐक! कोण आलं?’ थांबा. मग जाऊन दाखवा. टिटवी, गाईची घंटा, शेजारच्या मोटारसायकलची किक, फवारणीचा पंप, भाकर थापण्याचा आवाज, दळणाची चक्की. आधी आवाज, मग वस्तू. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर डोळाच काम करतो आणि कान आळशी राहतो.

आणि बोलणं. त्यासाठी वेगळा वेळ काढायला मी कोणालाच सांगत नाही, वावरात जाणाऱ्या बाईकडे तो नसतो. जे काम चाललंय त्याचंच बोला. तूर निवडता: ‘खडा! खडा फेक. अजून एक खडा. हा मोठा.’ एकच शब्द पाच-सहा वेळा वेगवेगळ्या वाक्यांत यावा. लाडानं, लांबवून, चढ-उतार करून बोला. आज्या बाळाशी जशा हेल काढून बोलतात ना, ते वेडेपण नाही. बाळाला शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते त्या हेलातूनच कळतं.

थांबणं सगळ्यात अवघड. विचारलं ‘पाणी पाहिजे?’ की आपणच लगेच देतो. मनात दहा आकडे मोजा. तो बघेल, हात करेल, आवाज काढेल. जे काही करेल ते बोलणंच समजा आणि उत्तर द्या. तो ‘पा’ म्हणाला की ‘हो, पाणी. थंड पाणी’ असं एक पायरी वर न्या. ‘पाणी म्हण, म्हण ना, म्हटल्याशिवाय देत नाही’ हे बंद. पाहुण्यांसमोर तर कधीच नाही.

सोयाबीनची_माय · ९ जुलै, रात्री ९.१०

मॅडम, माझ्या मुलाचे कान तपासले, एकदम चांगले आहेत. २ वर्षांचा, इंग्रजी गाणी पाठ, रंगांची नावं इंग्रजीत सांगतो, पण ‘आई’ म्हणत नाही. हाक मारली तर बघत नाही. मोबाइल ४-५ तास.

कानोसा · ९ जुलै, रात्री १०.००

२ वर्षांच्या आत स्क्रीन नको, पुढे ५ वर्षांपर्यंत दिवसाला १ तासाच्या वर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोबाइल बोलतो पण उत्तराची वाट पाहत नाही, म्हणून गाणं पाठ होतं, बोलणं येत नाही. तीन आठवडे पूर्ण बंद करून पाहा, पहिले चार दिवस घर डोक्यावर घेईल. पण हाकेला बघत नाही, बोट दाखवत नाही असं असेल तर फक्त मोबाइलला दोष देऊन घरी बसू नका, विकासाची तपासणी त्याच डीईआयसीत होते. थांबू नका.

निंबाच्या_सावलीत · २७ जुलै, सायंकाळी ७.००

पावसात मशीन शिट्टी मारते, मध्येच बंद पडते. काय करू?

कानोसा · २७ जुलै, रात्री ९.४०

शिट्टी म्हणजे बहुतेक साचा सैल झाला. कान वाढतो, साचा वाढत नाही, लहानपणी दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. बंद पडते ती ओलीमुळे. रात्री सेल काढून घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. सेलची पट्टी वापरायच्या वेळीच काढा, आधी काढली की सेल उतरतो. आणि सेल लेकराच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर वाट न पाहता, उलटी करवत न बसता, थेट दवाखाना.

आबाजी_बाभूळगाववाले · २८ जुलै, सकाळी ७.१०

हेच मले बी सांगा ना कोनी. म्या चुलीजवळच ठेवली होती.

निंबाच्या_सावलीत · २८ जुलै, सकाळी ७.२५

म्हणजे घेतली तुम्ही आबाजी!

आबाजी_बाभूळगाववाले · २८ जुलै, सकाळी ७.३१

घेतली. बुढी म्हनते आता तुमच्या मांगं बोलता येत नाही.

निंबाच्या_सावलीत · ४ सप्टेंबर, दुपारी ३.१५

काल तान्हा पोळा झाला. लाकडाचा नंदी घेऊन याला सगळ्या गल्लीत फिरवलं. सगळ्यांसारखा बोजारा, म्हणजे नंदीच्या नावानं मिळणारा खाऊ-पैसे, मागायला उभा राहिला. बोजारा म्हणता येत नाही, हात पुढं करून ‘दा, दा’ करत होता. चौकात डीजे आल्याबरोबर त्यानं स्वतःच दोन्ही मशीन काढून सासूबाईंच्या हातात दिल्या. त्यांनी पदरात बांधल्या. डीजे गेल्यावर त्यांचा पदर ओढला. ‘कान’ म्हणाला. निदान आम्हाला तसं ऐकू आलं. सासूबाई म्हणतात कानच म्हणाला, मिस्टर म्हणतात ‘का’ म्हणाला, न नव्हता.

मॅडम, डीजेजवळ मशीन ठेवायची का काढायची?

कानोसा · ४ सप्टेंबर, रात्री ९.००

मशीनला आवाजाची वरची मर्यादा बसवलेली असते, तरी डीजेपासून लेकराला लांबच न्या, मशीन असो नसो. त्यानं स्वतः काढली आणि स्वतः मागितली, हे मला फार आवडलं. न आहे की नाही ते या वादात मी पडत नाही, पण ‘न’ येतोच. साचा बदलायचा होता ना?

निंबाच्या_सावलीत · ४ सप्टेंबर, रात्री ९.२०

शुक्रवारी बोलावलंय. पहाटेची एसटी. या वेळी बेरा नाही, म्हणून झोपू देणार आहे गाडीत.